हाडांची वयं

संक्रांतीचा आठवडा आमच्या एक्स-रे सेंटरवर फार धामधुमीचा जातो. पतंगामागे धावणारी पोरं गच्चीच्या पायऱ्यांवरून, शेजारच्या पत्र्यावरून, कधी उभ्या केलेल्या हातगाडीवरून पडतात आणि पडताना हात पुढे टेकतात. सकाळी मी मशीन सुरू करते तेव्हा बाहेरच्या बाकावर आया येऊन बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या मांडीवर एक रडून थकलेलं मूल, आणि त्याचा हात ओढणीच्या झोळीत.

बुऱ्हाणपुरात हे काम मी लग्नाआधीपासून करते आहे. इतक्या वर्षांत एक सवयच लागली आहे. दारातून माणूस आत आलं, त्याचं वय दिसलं, की काय मोडलं असेल याचा अंदाज मनात आपोआप येतो. लहान मुलांचे हात मोडतात. कॉलेजच्या वयाची पोरं मोटारसायकलवरून पडतात, त्यांच्या नडग्या आणि गळ्याखालचं आडवं हाड. माझ्या नवऱ्याचंही ते आडवं हाड लग्नाच्या आदल्या वर्षी मोडलं होतं, आजही शर्ट काढला की तिथे उंचवटा दिसतो. केळीचे घड ट्रकवर चढवणारी माणसं वरून घसरली की टाचेवर येतात, मग टाच फुटते. पॉवरलूमवर काम करणाऱ्यांची बोटं चेंगरतात. मग तिशी-चाळिशीत जरा शांतता असते. त्या वयाची माणसं आमच्याकडे येतात ती बहुतेक दुसऱ्याला घेऊन. पन्नाशी उलटली की बायका पुन्हा यायला लागतात, साध्या ठेचेने मनगट मोडून घेऊन. आणि त्यानंतर येतात त्या स्ट्रेचरवरून.

स्ट्रेचर आत आलं की मी आधी पायांकडे बघते. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला असेल तर तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं असतं. एकदा पाहिलं की ते विसरता येत नाही. माझ्या मावशीचं पाऊल तसं होतं. ती गावातल्या इतवारा भागात राहायची, न्हाणीघरात पडली होती. या वयात कशाला चिरफाड, असं तिच्या घरच्या मोठ्या माणसांनी ठरवलं. ती पलंगावरून पुन्हा उठली नाही. पावसाळ्यात पडली होती, थंडी संपायच्या आत गेली.

लहान मुलांचं मात्र अगदी उलटं असतं. माझा मुलगा दुसरीत असताना शाळेच्या भिंतीवरून पडला. हात मधोमध वाकला होता, चमचा वाकतो तसा. त्याचा फोटो मीच काढला. हाड एका बाजूने तडकलं होतं आणि दुसऱ्या बाजूने नुसतं वाकलं होतं. ओली फांदी मोडायला गेलं तर ती जशी पूर्ण तुटत नाही, तसं. मी घाबरले होते. पण प्लॅस्टर निघालं त्याच संध्याकाळी तो क्रिकेट खेळायला गेला. पुढे तो बारावीत असताना त्याचं मनगट मुरगळलं म्हणून पुन्हा फोटो काढला, तेव्हा जुनं मोडलेलं कुठे होतं ते मला शोधूनही सापडलं नाही. हाडाने स्वतःला सरळ करून घेतलं होतं.

तो मुलगा आता इंदूरला शिकतो. शनवाऱ्याजवळच्या आमच्या घरात आम्ही तिघंच असतो. मी, माझा नवरा आणि सासूबाई. सासरे गेल्यावर सासूबाई गावाहून आमच्याकडे राहायला आल्या, पण त्यांचा जीव केळीच्या बागेतच. दोन-चार दिवसांत एकदा तरी माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून शेतावर जायच्या, झाडांच्या ओळींतून फिरायच्या, मजुरांना काहीतरी ऐकवून परत यायच्या. दवाखाना म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही मुलं घरीच झाली. दात दुखला तर लवंग. माझ्या नोकरीबद्दल त्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून लोकायचे हाडं पाह्यते." त्यात कौतुक किती आणि कुरकुर किती, हे मला कधीच कळलं नव्हतं.

यंदाच्या संक्रांतीच्या आठवड्यात, एका सकाळी, मी एका मुलीचा कोपर प्लेटवर नीट ठेवत होते तेव्हा माझा फोन वाजला. शेजारच्या वहिनी होत्या.

"जल्दी या. तुमच्या सासूबाई पडल्या."

"शुद्धीत आहेत का?"

"शुद्धीत काय, मला रागावून राहिल्यात. पण उठता येत नाही त्यांना."

मी त्या मुलीचा फोटो तेवढा पूर्ण केला, माझ्याबरोबर काम करणाऱ्या दादांना पुढचं बघायला सांगितलं आणि स्कूटर काढली. सेंटरपासून घर काही लांब नाही. पण त्या वाटेत मला मावशीचं पाऊल सारखं दिसत होतं. सासूबाईंचं वय पंचाहत्तरीच्या आसपास. अंगाने सडपातळ. पडल्या, आणि उठता येत नाही. स्ट्रेचरवर येणाऱ्या सगळ्यांची गोष्ट याच दोन वाक्यांनी सुरू होते.

घडलं असं होतं. त्यांनी सकाळी पाण्याची मोटर लावली आणि टाकी भरेपर्यंत फरशी पुसून घ्यावी म्हणून पुसायला बसल्या. फरशी पुसून होते न होते तोच टाकी भरून वाहायला लागली आणि पाणी शेजारच्या अंगणात पडायला लागलं. वहिनींनी तिकडून हाक मारली, "काकू, मोटर बंद करा!" लोकांच्या अंगणात आपलं पाणी पडतंय याची त्यांना लाज वाटली असणार. त्या ओल्या फरशीवरून तशाच लगबगीने निघाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात पाय सटकून उजव्या कुशीवर आपटल्या.

मी पोचले तेव्हा त्या तिथेच, भिंतीला पाठ लावून बसलेल्या होत्या. वहिनींनी मागे उशी दिली होती. मी चेहऱ्याकडे न बघता आधी पायांकडे पाहिलं. दोन्ही पावलं सरळ होती. छताकडे बोटं करून, शेजारी शेजारी. मी लुगड्याचा काठ जरा वर करून दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या. लांबी सारखी होती.

"काय पाहून राहिली?" सासूबाई म्हणाल्या. "मले उठव आधी."

"नाही आई, उठायचं नाही. कुठे दुखतंय?"

"इथी." त्यांनी जांघेवर हात ठेवला. "मोटर बंद केली का कोणी?"

"केली, केली," वहिनी म्हणाल्या.

मला पूर्ण हायसं वाटलं नाही. पाऊल सरळ असूनही खुबा मोडलेली माणसं मी पाहिली होती. हाडाचं एक टोक दुसऱ्यात रुतून बसलं तर पाय सरळच दिसतो. म्हणून मी त्यांना हलू दिलं नाही. नवऱ्याला फोन केला. तो शेतावर होता, ट्रक भरणं चालू होतं, मागून माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. "तसाच ये," एवढंच सांगितलं. मग रुग्णवाहिका बोलावली. गल्लीतल्या दोघांनी आणि मी मिळून त्यांना चादरीसकट उचललं. गल्ली अरुंद, गाडी कोपऱ्यापर्यंतच आली. तेवढ्या अंतरात प्रत्येक दारातून बायका विचारत होत्या, काय झालं, काय झालं. सासूबाई डोळे मिटून होत्या. दुखत होतं म्हणून नव्हे. चादरीवरून मिरवत नेलेलं त्यांना आवडलं नव्हतं.

आमचं सेंटर ज्या इमारतीत आहे तिच्याच वरच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर बसतात. त्यांनी खाली येऊन सासूबाईंना तपासलं, पाय हळूच हलवून पाहिला आणि फोटो काढायला सांगितला. आतलं टेबल रिकामं व्हायला वेळ होता. म्हणून स्ट्रेचर बाहेर बाकाशेजारी लावलं.

बाकावर ती सकाळचीच मुलगी होती. सात-आठ वर्षांची, दोन वेण्या, एका वेणीची रिबन सुटलेली. प्लॅस्टरची वाट बघत होती. तिने सासूबाईंकडे बराच वेळ बघून घेतलं.

"आजी, तुमी पण पतंग लुटायला गेल्ता क्या?"

सासूबाईंनी डोळे उघडले. "नाही माय. मी मोटर बंद कराले गेली होती."

"माझा हात टूट गया. आवाज आला, कट् करके."

"मले तर आवाज नाही आला."

"मग नाही टूटा होगा," मुलीने निर्णय दिला. तिच्या आईने तिला गप्प बसवलं, पण सासूबाई पहिल्यांदाच जरा हसल्या. पलीकडे एक पोरगा बसला होता, खांद्याला पट्टा, गळ्याखालचं आडवं हाड मोडलेलं, अजून अंगावर मोटारसायकलच्या ग्रीसचे डाग. तोही हसला आणि हसताना दुखलं म्हणून कळवळला. मी दारात उभी राहून त्या तिघांकडे बघत होते. रोज जे एकामागून एक येतात, ते सगळे त्या सकाळी एका रांगेत होते, आणि त्यातलं शेवटचं माणूस माझं होतं.

त्यांना आत घेतलं. दादा म्हणाले, "ताई, मी घेतो फोटो, तुम्ही बाहेर बसा." मी हो म्हणणारच होते. पण सासूबाईंनी माझा हात धरला.

"तो माणूस कायले? तूच काढ."

लुगडं सोडून दवाखान्याचा गाऊन घालायचा होता. जन्मभर ज्यांनी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही त्या बाईला परक्या पुरुषासमोर हे नको होतं, यात नवल ते काय. दादा बाहेर गेले. मी सासूबाईंना हळूहळू टेबलावर सरकवलं. कूस बदलताना त्यांनी माझ्या खांद्यात नखं रुतवली पण तोंडातून आवाज काढला नाही. पाय मी वळवले नाहीत, होते तसेच ठेवले. यंत्र वर आणून बेताने लावलं. हजारदा केलेलं काम, पण त्या दिवशी फोटो कुठला येणार ते दाखवणारा उजेडाचा चौकोन मला पुन्हा पुन्हा सरकवावा लागला.

"आई, मी त्या पडद्यामागे जाते. अजिबात हलायचं नाही."

"मले सोडून कोठी जातं?"

"इथेच आहे. काचेतून दिसते मी तुम्हाला."

मी शिशाच्या पडद्यामागे गेले, बटण दाबलं. फोटो संगणकाच्या पडद्यावर यायला हल्ली क्षणभरच लागतो. पूर्वी फिल्म धुवावी लागायची, तेवढा वेळ मन तयार करायला मिळायचा. आता तो मिळत नाही. मी पडद्याकडे बघायच्या आधी एकदा काचेतून त्यांच्याकडे बघितलं. त्या छताकडे बघत पडल्या होत्या, हात छातीवर, शाळेतल्या मुलीसारख्या आज्ञाधारक.

मग फोटो पाहिला.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि त्याच्या खाली मान. म्हाताऱ्या माणसांची मोडते ती ही मान. त्या मानेच्या खालच्या कडेवरून निघून कमरेच्या हाडापर्यंत एक कमान जाते. मान मोडली की ती कमान तुटते. मी डावी बाजू पाहिली, मग उजवी. दोन्हीकडे कमान अखंड होती. पुन्हा पाहिली. अखंडच होती. मग पुढच्या बाजूला, जांघेजवळ, जिथे हाड पातळ होतं, तिथे एक तिरकी काळी रेघ दिसली. चिनीमातीच्या कपाला तडा जातो तशी. त्याच्याखाली आणखी एक, जरा पुसट.

म्हणजे मोडलं होतं. पण भलत्या ठिकाणी नाही.

"मोडलं का?" टेबलावरून आवाज आला.

पेशंटला मी काही सांगत नाही. ते डॉक्टरांचं काम आहे. रोज कितीतरी लोक मला हेच विचारतात आणि मी एकच उत्तर देते. तेच तोंडातून निघालं, "डॉक्टर सांगतील."

"अन् तू कोण? घरचीच ना?"

मी बाहेर आले, त्यांच्या अंगावर चादर घातली. "आई, मला वाटतं तुमचा खुबा शाबूत आहे. पण डॉक्टरांनी बघू दे."

"मंग तुह्या डोळ्यात पाणी कायले?"

वरून डॉक्टर आले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, कितीतरी वेळ. "मान तर ठीक दिसतेय," ते म्हणाले. "पुढच्या हाडाला तडे आहेत. पण मॅडम, अम्मा पाय उचलूच देत नाहीयेत. बारीक तडा कधी कधी पहिल्या फोटोत दिसत नाही, तुम्हाला माहीत आहे. सीटी स्कॅन करून घेऊ. मला खात्री पाहिजे."

मला माहीत होतं. जे मी पाहिलं होतं ते खरं की माझ्या मनाने मला पाहिजे तेच दाखवलं, हे आता मला सांगता येईना.

सीटीसाठी दुसरीकडे जायचं होतं. तिथे थांबलो असताना नवरा आला, पँटला केळीच्या चिकाचे डाग, पायात शेतातली चिखलाची चप्पल. त्याच्यामागे धाकटा दीरही आला, गावाहून जीप घेऊन. दीर मनाने चांगला, पण घाबरला की मोठ्याने बोलतो.

"वहिनी, मी मायले नेतो," तो म्हणाला. "नदीच्या पलीकडे एक जण आहे, हाडं बसवून देतो. तेल लावून चोळतो आन् पट्टी बांधतो. आमच्या शेजाऱ्याचा पाय त्यानेच नीट केला."

"आधी काय मोडलं ते तर कळू द्या भाऊ."

"कळून काय? हे लोक ऑपरेशन सांगतील. या वयात माय टेबलावरून उठेल का?"

तेच वाक्य मी मावशीच्या घरी ऐकलं होतं. मी त्याच्याशी भांडले नाही. एवढंच म्हणाले, "खुबा मोडला असेल आणि कोणी चोळला, तर आत्ता जे जागेवर आहे ते सरकेल. आणि ऑपरेशन लागलं तर आपण ते करायचं. माझी मावशी न करता गेली. मी ते पाहिलंय."

नवरा आईकडे बघत होता. सासूबाई स्ट्रेचरवरून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी धाकट्याला जवळ बोलावलं.

"मले कोणी चोळायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे म्हणीन तसं करा." आणि माझ्याकडे बोट केलं.

एवढंच. मग त्यांना आत नेलं. आम्ही तिघं बाहेर चहाच्या टपरीपाशी उभे राहिलो. दिराने तिघांसाठी चहा घेतला आणि कोणीच प्यायला नाही, वर साय धरली. समोरच्या गच्च्यांवरून पोरं ओरडत होती, कुणाचा तरी पतंग कटला होता. माझं लक्ष त्या पोरांच्याही पायांकडे जात होतं, गच्चीच्या कठड्याकडे.

सीटीचा रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे परत आलो. त्यांनी चित्रं एकामागून एक पुढे सरकवली. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. ते हाडाच्या मानेवरून पुढे गेले, पुन्हा मागे आले, पुन्हा पुढे. मग खुर्चीत मागे टेकले.

"खुबा अगदी नीट आहे," ते म्हणाले. "फक्त पुढचं हाड तडकलंय, दोन ठिकाणी. ते आपोआप जुळतं. ऑपरेशन नाही."

"प्लॅस्टर?" दिराने विचारलं.

"तिथे प्लॅस्टर घालता येत नाही."

"मग काय करायचं?"

"दुखणं कमी होण्याची औषधं देतो. आणि दोन-तीन दिवसांत वॉकर धरून उभं करायचं. सोसेल तेवढं चालवायचं."

दीर डॉक्टरांकडे बघतच राहिला. "हाड मोडलंय आन् चालवायचं?"

"चालवायचंच. झोपवून ठेवाल तर आजारी पडतील."

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना थोडी निराशाच झाली असावी. "ना ऑपरेशन, ना प्लॅस्टर," त्या म्हणाल्या. "मंग इतकं दुखून कायले राहिलं?"

नवरा मोठ्याने हसला. त्या सकाळपासून पहिल्यांदा. दीरही हसला आणि मग तोंड फिरवून शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागला. मी खाली एक्स-रेच्या खोलीत गेले, शिशाच्या पडद्यामागे, तिथे बाहेरून कोणी बघत नाही. तिथे उभी राहून पोटभर रडले. दादा दार उघडून आत आले, मला पाहिलं आणि दार लावून परत गेले. नंतर त्यांनी आणून दिलेला चहा मात्र मी गरम गरम प्यायले.

पहिले काही दिवस कठीण गेले, ते खरं. कूस बदलायची म्हटलं तरी त्यांना सोसत नसे. पण जे सोसायचं होतं त्याला शेवट होता, हे आम्हाला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्यावर घर वेगळंच चालतं. शेजारच्या वहिनी रोज दुपारी येऊन बसायच्या. आपण हाक मारली म्हणून हे झालं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. सासूबाईंनी त्यांना एक दिवस स्पष्टच सांगितलं, "तू हाक नसती मारली तर तुह्याच अंगणाचं तळं झालं असतं. आता गप बस अन् मले कंगवा दे."

पहिल्यांदा वॉकर धरून उभ्या राहिल्या तो दिवस माझ्या सुट्टीचा होता. नवरा एका बाजूला, मी एका बाजूला. "सोडू नका," त्या म्हणाल्या. "सोडत नाही," आम्ही म्हणालो. पलंगापासून खिडकीपर्यंत गेलो. खिडकीत पोचल्यावर त्यांनी गल्लीत डोकावून पाहिलं, कोण कोण दिसतंय ते बघितलं आणि मग म्हणाल्या, "आता मांगं कसं जायचं?" मागे वळायचं कसं हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. वॉकर उचलून थोडा थोडा फिरवत आम्ही तिघं गोल वळलो, एखाद्या बैलगाडीसारखे.

डॉक्टरांनी नंतर हाडांची तपासणी केली. इतक्या साध्या पडण्याने मोडलं याचा अर्थ हाडं आधीच विरळ झाली होती. त्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी दिली. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचंही नाही. सासूबाई ती गोळी घेऊन खुर्चीत ताठ बसतात, घड्याळाकडे बघत. चहाशिवायचा तो अर्धा तास त्यांना हाडाच्या दुखण्यापेक्षा जड जातो. माझ्या नवऱ्याने एकदा गमतीने विचारलं, "माय, पाच मिनिटं आधी चहा घेतला तर काय होईल?" त्या म्हणाल्या, "डागदरले नाही चालत," आणि ती आज्ञा त्यांनी एकदाही मोडली नाही.

डॉक्टर मलाही म्हणाले, "मॅडम, तुम्ही लोकांचे फोटो काढता, स्वतःची तपासणी कधी केली?" खरंच केली नव्हती. मीही आता मनगट मोडण्याच्या वयाकडे चालले आहे, हे मला सुचलंच नव्हतं. तपासणी केली. ठीक निघाली. उन्हात जरा फिरा, नाचणी, तीळ, दूध घ्या, एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून सासूबाई माझ्यावर लक्ष ठेवून आहेत. मी कामावरून आले की दुधाचा पेला समोर. "पी," म्हणतात. "तुह्ये हाडं कोण पाहीन?"

होळी झाल्यावर एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, मले तापी पाहायची. ऑटोने आम्ही राजघाटावर गेलो. वॉकर सुटून तोवर काठी आली होती. पायऱ्या उतरायच्या नाहीत, हे मी घरूनच बजावलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. वरच्याच पायरीवर बसल्या. खाली मुलं पाण्यात उड्या मारत होती, एक बाई कपडे पिळत होती, पलीकडच्या काठावर ऊन अजून होतं. मी खाली जाऊन ओंजळीत पाणी आणलं. वर येईपर्यंत त्यातलं निम्मं गळून गेलं. उरलेलं त्यांनी डोळ्यांना लावलं.

मग कितीतरी वेळ बसून राहिलो. त्या मला यंदाच्या केळीबद्दल सांगत होत्या, कोणत्या ओळीतली झाडं कलली आहेत, बांबूचे टेकू कधी लावायला पाहिजेत, धाकट्याला ते कसं सुचत नाही. उद्या शेतावर जाऊन बघायचंच, म्हणाल्या. मी म्हटलं, मोटारसायकलवर नाही, ऑटोने जा. बरं, म्हणाल्या.

परत निघताना ऑटोवाला उतरून पुढे आला. "अम्मा को हाथ दूँ?"

"कायले?" सासूबाई म्हणाल्या. काठी त्यांनी माझ्या हातात दिली, ऑटोच्या दांड्याला धरलं आणि आत चढून बसल्या. मग सरकून माझ्यासाठी जागा केली.